माळवदाचे घर पाडायचे की पक्के करायचे? समजून घ्या

सोलापूर : चिंचोळी एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमागे शेड दिसते. ही वसाहत ज्या मोहोळ तालुक्यात आहे, तिथल्या जुन्या गावठाणांत मात्र शेतकऱ्यांची माळवदाची घरे अजून तग धरून आहेत. जाड भिंती, सागवानी खांब आणि वर मातीचे सपाट छत. दरवर्षी त्यातली काही पाडली जातात आणि जागी पत्रा किंवा स्लॅब येतो. पाडण्याचे कारण बहुतेक वेळा एकच सांगितले जाते : ‘घर धोक्याचे आहे.’ हे अर्धेच खरे आहे.

माळवद म्हणजे नेमके काय?

खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यावर फळ्यांचा किंवा काटक्यांचा थर, मग चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. ही माती दाबली की घट्ट बसते आणि पाणी झिरपू देत नाही. पाऊस पन्हाळीतून बाहेर पडतो. उजेड आत येण्यासाठी आणि धूर बाहेर जाण्यासाठी छतातच झरोके ठेवलेले असतात. घर मोजायचे ते खणांत : दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. भिंती दगड-मातीच्या, ऐपतीच्या वाड्यांत वरचे थर भाजक्या विटांचे. भिंतीतच देवळ्या, कोनाडे आणि धान्याचे बळद.

उन्हाळ्यात गार का राहते?

सोलापुरात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. पत्रा काही मिनिटांत तापतो आणि ती धग थेट खाली फेकतो. दीड-दोन फुटांची भिंत आणि फूटभर मातीचे छत तापायलाच काही तास लागतात. दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तेव्हा बाहेर झोपायची सोय असते ती त्याच माळवदावर. पत्र्याच्या शेडमध्ये पाळी करून पत्र्याच्याच खोलीत झोपणाऱ्या कामगाराला हा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

मग भीती कशाची?

भीती 30 सप्टेंबर 1993 ची आहे. त्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. त्यानंतर ‘दगड-मातीचे घर म्हणजे मरण’ हे समीकरण सोलापूरपर्यंत पक्के झाले.

हिशोब करून पाहा. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साधारण साडेचार टन वजन. गळती थांबवायला दर पावसाळ्याआधी नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत गेला. दुसरा दोष भिंतीत होता. बाहेरून-आतून दोन पदर रचायचे, मधे दगडगोटे भरायचे, पण दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच पदर सुटले. अनेक घरांत भिंती कोसळल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे दोष माती या वस्तूचा नव्हता; तो वजनाचा आणि सांध्यांचा होता.

दुरुस्ती शक्य आहे का?

आहे, आणि तिचे नियमही आहेत. भारतीय मानक आयएस 13828 हे 1993 सालचेच आहे आणि ते कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या घरांसाठीच आहे. ते सांगते : भिंतीत दर 60 सेंटीमीटर उंचीला आणि जास्तीत जास्त 1.2 मीटर अंतरावर आरपार दगड हवा. चारही भिंतींना एकत्र धरणारा पट्टा हवा. याच तत्त्वावर जुने घरही सुधारता येते. छतावरची माती उतरवून पातळ थर द्यायचा, त्यावर जलरोधक आवरण टाकायचे आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरके आधार ठोकायचे. काम अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. कुजलेल्या तुळया आणि पोट सुटलेल्या भिंती असतील तर मात्र आधी घर रिकामे करावे; पावसाळ्यात तिथे राहणे हा जिवाशी खेळ आहे.

अडते कुठे?

अडते ते सरकारी व्याख्येत. मातीचे छत म्हणजे ‘कच्चे’. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, ते किमान 25 चौरस मीटरच्या नव्या पक्क्या घरासाठी. जुने घर मजबूत करणाऱ्याला हा पैसा नाही. त्यामुळे गरीब कुटुंबाने पाडणे निवडले तर तो त्याचा दोष नाही. सागवान विकून चार पैसेही सुटतात.

इंग्लंडमध्ये 1700 पूर्वीची, बऱ्यापैकी मूळ रूपात उरलेली विटांची शेतघरेसुद्धा संरक्षित यादीत येतात. तिथे अशा सुमारे चार लाख नोंदी आहेत. आपल्याकडे किल्ले आणि मंदिरे राज्य संरक्षित स्मारके होतात. शेतकऱ्याचे घर क्वचितच कुणाच्या यादीत असते. तशी यादी इथे उद्या होईल असे नाही आणि प्रत्येक माळवद जपावे असेही नाही.

पण एवढे तरी व्हावे : ग्रामपंचायतीने पाडण्याआधी अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी आणि घर सुधारण्याजोगे निघाले तर अनुदान दुरुस्तीलाही मिळावे. किल्लारीने सांगितले होते की घर नीट बांधा. ते पाडून 43 अंशांत पत्र्याखाली राहा, असे सांगितले नव्हते.