‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्या कुत्र्याच्या मीमवर कॅप्शन टाकताय? आधी उरलेल्या चार चौकटी बघा

खोली पेटलीय, छतापर्यंत धूर साचलाय आणि टेबलाशी छोटी टोपी घातलेला एक कुत्रा कॉफीचा मग पुढ्यात घेऊन शांत बसलाय. सगळं ठीक आहे, असं म्हणत चक्क हसतोय.

हे मीम तुम्ही पाहिलेलं आहेच. परीक्षेच्या आदल्या रात्री, महिनाअखेरीला खात्यातले पैसे बघून किंवा ऑफिसमध्ये डेडलाइन डोक्यावर असताना तुम्ही ते स्टोरीला टाकलंही असेल. इंटरनेटवर ते ‘दिस इज फाइन’ या नावाने ओळखलं जातं. पण आपण जे शेअर करतो ते अर्धवट चित्र आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

हा कुत्रा आला कुठून?

अमेरिकन चित्रकार केसी ग्रीन यांच्या ‘गनशो’ या वेबकॉमिकमध्ये जानेवारी 2013 मध्ये सहा चौकटींची एक पट्टी आली होती. मीममध्ये दिसतात त्या फक्त पहिल्या दोन चौकटी. पुढच्या चार चौकटींत कुत्रा स्वतःची समजूत घालत राहतो, कॉफी पितो, त्याचा हात पेट घेतो आणि शेवटी त्याचा चेहरा वितळून जातो.

त्या काळात आपण नैराश्यावरच्या औषधांशी जुळवून घेत होतो आणि त्यातूनच ही पट्टी सुचली, असं ग्रीन यांनी नंतर मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे मुळात हा विनोद दुसऱ्याच्या बावळटपणावर नव्हताच. आतून जळत असताना वरवर ‘मी मजेत’ म्हणणाऱ्या माणसाची ती गोष्ट होती.

लोकांनी दोन चौकटी ठेवल्या आणि चार कापल्या. त्यामुळे परिणाम गायब झाला, उरला तो फक्त निवांत चेहरा. अशा चित्रावर कुठलंही कॅप्शन चालतं, म्हणूनच ते इतकं पसरलं.

कॅप्शन बदललं की काय बदलतं?

चित्र तेच राहतं, पण कुत्रा कोण आहे हे कॅप्शन ठरवतं. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला: कुत्रा म्हणजे मी. ‘उद्या पेपर आहे आणि मी वेब सिरीज बघतोय.’ इथे आपण स्वतःवर हसतो. यात कुणाचं नुकसान नाही, उलट ताण थोडा हलका होतो.

दुसरा: कुत्रा म्हणजे ते. सरकार, महापालिका, विरोधी पक्ष, कंपनीचा बॉस. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात, तशी ही टीका. ज्याच्या हातात पाण्याचा पाइप आहे तोच कॉफी पीत बसला असेल, तर हे कॅप्शन नेमकं लागतं.

तिसरा: कुत्रा म्हणजे आपण सगळे. हा प्रकार सगळ्यात अवघड आहे, कारण यात आग लावणारा आणि आगीत सापडलेला यांतला फरकच पुसला जातो.

मुंबईचं उदाहरण घ्या. पावसाने रुळांवर पाणी येतं, लोकल बंद पडतात, तरी लोक गुडघाभर पाण्यातून कामावर जातात. मग ‘स्पिरिट ऑफ मुंबई’चं कौतुक सुरू होतं. खरंतर त्यातल्या अनेकांची एक दिवसाची मजुरी बुडणार असते. सगळं ठीक आहे म्हणून ते चालत नसतात, पर्याय नसतो म्हणून चालतात. अशा माणसाच्या फोटोशेजारी हा कुत्रा चिकटवला की त्याची अडचण त्याचाच बेफिकीरपणा ठरते. माहीत नसणं, माहीत असून डोळ्यांवर कातडं ओढणं आणि माहीत असूनही काही करता न येणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

चित्रकाराचं म्हणणं काय?

जुलै 2016 मध्ये अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन सुरू असताना रिपब्लिकन पक्षाच्या अधिकृत ट्विटर हँडलवरून हेच मीम टाकलं गेलं. त्यावर ग्रीन यांची भूमिका अशी होती की, हे चित्र वापरायची सगळ्यांना मोकळीक आहे, पण या पक्षाने ती पोस्ट काढली तर मला बरं वाटेल.

पुढच्याच महिन्यात त्यांनी ‘द निब’ या प्रकाशनासाठी नवं कॉमिक काढलं. त्यात हाच कुत्रा भानावर येतो, घाबरतो आणि आग विझवायला धावतो. नाव होतं, ‘दिस इज नॉट फाइन’. 2018 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सोशल मीडियावरच्या परकीय हस्तक्षेपावर सुनावणी झाली, तेव्हा सिनेटर रिचर्ड बर यांनीही जळत्या खोलीत कॉफी पिण्याचा दाखला दिला होता.

मग मीम टाकायचं की नाही?

बिनधास्त टाका. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 टीका आणि समीक्षेसाठी ‘फेअर डीलिंग’ची सवलत देतं. पण त्यात मीम किंवा विडंबन असा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे मित्रांच्या ग्रुपवर कॅप्शन टाकणं वेगळं आणि तेच चित्र टी-शर्टवर छापून विकणं किंवा दुकानाच्या जाहिरातीत वापरणं वेगळं. कलम 57 नुसार, आपल्या कलाकृतीत प्रतिष्ठेला धक्का लावणारा बदल झाला तर कलाकार त्याला आक्षेप घेऊ शकतो. शक्य असेल तिथे चित्रकाराचं नाव ठेवा, वॉटरमार्क कापू नका.

आणि पोस्ट करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: या खोलीतून उठून बाहेर जाणं त्या माणसाच्या हातात आहे का? असेल, तर खुशाल हसा. नसेल, तर कॅप्शन आग लावणाऱ्यावर लिहा.

कधीकधी मित्राच्या स्टोरीला हाच कुत्रा रोज दिसायला लागतो. तेव्हा नुसता हसण्याचा इमोजी टाकून पुढे जाऊ नका. एक फोन करा. पहिल्या दोन चौकटी तो दाखवतोय, पुढच्या चार कदाचित तो एकटाच बघत असेल.