तारणाचा मक्ता

जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरले. संमेलननगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव दिलेले होते आणि अध्यक्षस्थानी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांची निवड जाहीर होताच काही हिंदुत्ववादी मंडळींनी गहजब केला. धर्मांतराचे आरोप झाले, उद्घाटक ना. धों. महानोर यांनी संमेलनास जाऊ नये म्हणून दडपण आणले गेले. महानोर गेले, दिब्रिटो आजारी असतानाही आले, आणि संमेलन पार पडले. दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले.

त्या गदारोळात एक प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही. माणसाच्या उद्धाराचा मार्ग एकच आहे आणि तो एकाच नावातून जातो, असे जी धर्मसंस्था शतकानुशतके शिकवीत आली, तिच्या त्या शिकवणुकीचे काय? विरोधकांना हा प्रश्न विचारावयाचा नव्हता. त्यांना माणूस नको होता, सिद्धान्ताशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. पुरोगाम्यांना तो विचारवेना; अल्पसंख्याकांवर हल्ला होत असता त्यांच्या श्रद्धेची चिकित्सा करणे त्यांना अप्रशस्त वाटले. हा संकोच सद्भावनेचा आहे हे खरे. परंतु त्यामुळे चिकित्सेचे सारे क्षेत्र द्वेष्ट्यांना आंदण मिळते, आणि द्वेष्टे चिकित्सा करीत नसतात.

हा प्रश्न रोममध्ये किंवा जेरुसलेममध्ये विचारण्यापेक्षा तेरमध्येच विचारलेला बरा. तेरणेकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे: पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर, जिथून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरी जाते. तेथून ते रोमन जगाच्या बाजारांत पोहोचे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची जी स्त्रीमूर्ती आहे, तिची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. म्हणजे ज्या दशकांत पौल भूमध्यसागराकाठच्या मंडळ्यांना पत्रे लिहीत होता, त्याच सुमारास तगरचा विणकर त्याच जगासाठी कापड विणीत होता. कापड तिकडे पोहोचत होते. सुवार्ता इकडे पोहोचली नव्हती. तो विणकर मेला. त्याचे काय झाले?

एकमेव मार्गाच्या सिद्धान्ताला या विणकराने आजवर स्वस्थ झोपू दिलेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू स्वतःलाच मार्ग म्हणतो आणि आपल्यावाचून पित्याकडे कोणी जात नाही असे सांगतो. निरोपाच्या रात्री गोंधळलेल्या शिष्यांना धीर देताना काढलेले हे उद्गार. त्यांचा पुढे कायदा झाला. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने चर्चबाहेर तारण नाही असे बजावले ते मुख्यतः फुटून निघालेल्या ख्रिस्ती गटांना. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने तेच सूत्र मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी अशा सर्वांना लावून, मरणापूर्वी चर्चमध्ये न आल्यास त्यांच्यासाठी चिरंतन अग्नी राखून ठेवला. आणि १५६० पासून गोव्यात बसलेल्या इन्क्विझिशनने त्या अग्नीसाठी मरणापर्यंत थांबण्याचीही गरज ठेवली नाही. प्रोटेस्टंटांनी चर्चची मध्यस्थी नाकारली. दार मात्र एकच राहिले, फक्त द्वारपाल बदलला.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने उद्धारासाठी 'तारण' हा शब्द रूढ केला. शब्द चांगला आहे. परंतु तेरच्या शेतकऱ्याला हा शब्द भेटतो तो सावकाराच्या किंवा बँकेच्या दारी, जमीन गहाण टाकताना. कर्ज देणारा गावात एकच असला म्हणजे तारण काय ठेवावयाचे, अटी कोणत्या आणि मुदत किती हे तोच ठरवितो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परमेश्वराच्या करुणेचेही असेच होते. ती एकाच दुकानी मिळते असे एकदा ठरले, की दुकानदार करुणेपेक्षा मोठा होतो. मक्ता धान्याचा असो की मोक्षाचा, त्याचा हिशेब सारखाच असतो.

याच येशूला एका शास्त्र्याने विचारले होते, की चिरंतन जीवन कशाने मिळेल? त्याने उत्तरादाखल गोष्ट सांगितली ती एका शोमरोनी माणसाची, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने धर्मभ्रष्टाची. देवळाचा याजक आणि लेवी जखमी वाटसरूला टाळून गेले; धर्मभ्रष्टाने त्याच्या जखमा बांधल्या. तारणाविषयी सरळ विचारलेल्या प्रश्नाला येशूने परधर्मीयाच्या वर्तनाकडे बोट दाखवून उत्तर दिले, ही गोष्ट एकमेव मार्गाच्या पुरस्कर्त्यांना अडचणीची वाटावयास हवी. ते तिच्यावर प्रवचने करतात.

विणकराची अडचण चर्चलाही कळत होती. म्हणून पळवाटा निघाल्या. बाप्तिस्मा न झालेल्या अर्भकांसाठी 'लिंबो' नावाची एक वेगळी जागा कल्पिली गेली. तिच्यावर विसंबण्याचे कारण नाही असा निर्वाळा व्हॅटिकनच्या ईशशास्त्रीय आयोगाने दिला तो २००७ साली, म्हणजे कैक शतके त्या अर्भकांच्या आया रडून झाल्यावर. १९५३ मध्ये अमेरिकेतील फादर फीनी यांना चर्चने बहिष्कृत केले. कारण आज्ञाभंगाचे होते. पण चर्चबाहेर कोणालाही तारण नाही हे जुने सूत्र ते अक्षरशः धरून बसले होते, आणि त्यापायी स्वतःच चर्चबाहेर गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४-६५ मध्ये दार किलकिले केले: सुवार्ता ज्याला ठाऊकच नाही पण जो सद्सद्विवेकाने वागतो, त्यालाही तारण मिळू शकेल. कार्ल राहनर या जर्मन ईशशास्त्रज्ञाने त्यापुढे जाऊन अशा माणसाला 'अनामिक ख्रिस्ती' म्हटले. म्हणजे तगरचा तो विणकर ख्रिस्तीच होता, त्याला ठाऊक नव्हते एवढेच!

हे औदार्य नव्हे, हा कब्जा आहे, आणि त्याचा नमुना पाहण्यासाठी तेरबाहेर जाण्याचे कारण नाही. गावातील त्रिविक्रमाचे देऊळ मागून अर्धवर्तुळाकार, चैत्यासारखे, विटांचे आहे. मुळात तो बौद्ध चैत्यच असावा असे अनेक अभ्यासकांनी मानले. आज आत उभा आहे तो तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा विष्णू. बुद्धाला नववा अवतार ठरवून जे पुराणांनी साधले, तेच राहनर यांच्या 'अनामिक ख्रिस्ती'ने साधते: समोरच्याला नाकारावयाचे नाही, गिळावयाचे. तिसरे पाऊल कोणाच्या डोक्यावर पडले हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ठाऊक आहे. तो अजून दिवाळीत बळीचे राज्य मागतो.

मग या सिद्धान्ताला खरे उत्तर कोणी दिले? ते दिले घरातल्यांनी. परंपरा सांगते, की तेरला गोरोबांच्या घरी संत जमले असता मुक्ताबाईने थापटणे पाहून हे कशासाठी असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे पाहण्यासाठी, असे कळल्यावर तिने या मडक्यांचीही परीक्षा होऊ द्या म्हटले, आणि कुंभाराने एकेकाच्या डोक्यावर थापटणे वाजविले. कच्चा निघाला तो नामदेव, ज्याच्या हातून विठ्ठल जेवत असे. देव आपल्याच ओळखीचा, आपल्याच गावचा, हा त्याचा भ्रम औंढ्यास विसोबा खेचरांनी पुढे उतरविला. या कथेत थापटणे शेजारच्या पंथाच्या डोक्यावर पडत नाही; ते आपल्याच मेळ्यातील लाडक्यावर पडते.

मराठी ख्रिस्ती समाजाला असे कुंभार लाभले, आणि त्यांचा त्याला पुरेसा अभिमान नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांच्या आत त्या आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आणि चर्चच्या अधिकारावरून कडाक्याने भांडत होत्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले ते दुसऱ्याचे घालून घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी स्वच्छ सुनावले. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. उत्तरायुष्यात रमाबाई अधिक कर्मठ श्रद्धेकडे वळल्या, केडगावच्या मुक्ती सदनात धर्मप्रसारालाच प्राधान्य आले, हेही सांगितले पाहिजे. पण १८८५ ची रमाबाई त्यामुळे खोटी ठरत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळक दुसऱ्या टोकाहून आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे पोहोचलो असे सांगे. पूल ओलांडल्यावर तो जाळून टाकावा अशी मिशनची रीत. टिळकांनी तो जपला. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तशिष्य म्हणून बसू शकत. दाराची चौकटच काढून टाकण्याचा हा प्रयत्न होता. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार ओसरला. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय अँथनी डिमेलो लोणावळ्याच्या आपल्या साधना केंद्रात विपश्यना, सूफी कथा आणि शुभवर्तमान एकाच बैठकीत शिकवीत. ते १९८७ मध्ये वारले. त्यांची काही मते श्रद्धेशी विसंगत असल्याचे व्हॅटिकनने जाहीर केले ते १९९८ मध्ये. अकरा वर्षांपूर्वी मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, ही अशा निवाड्यांची सोय असते. २००० सालच्या 'डोमिनुस येसुस' या घोषणापत्राने इतर धर्मीयांची स्थिती तारणाच्या दृष्टीने गंभीरपणे उणी असल्याचे पुन्हा बजावले. २०२४ मध्ये सिंगापूरला पोप फ्रान्सिस यांनी सर्व धर्म देवाकडे जाण्याच्या वाटा आहेत असे म्हटले, तेव्हा त्यांच्याच चर्चमधील सनातन्यांनी आकाशपाताळ एक केले. भांडण संपलेले नाही, आणि ते आतच चालले आहे.

आता उस्मानाबादेत गहजब करणाऱ्यांकडे वळले पाहिजे. आमचा धर्म सहिष्णू, आमच्याकडे सर्व वाटा एकाच ठिकाणी जातात, असे ही मंडळी अभिमानाने सांगतात. वाटा सर्व जात असतीलही. त्यांवरून चालण्याची मुभा कोणाला होती? चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. मिशनऱ्याचे दार अरुंद होते, एकच होते; पण अहमदनगर जिल्ह्यातील महार-मांग त्यातून आत गेले, कारण दुसरीकडे भिंत होती. ज्यांनी ती भिंत बांधली त्यांनी दाराच्या रुंदीविषयी तक्रार करावी हा निर्लज्जपणा आहे. अर्थात दाराआडही समता वाट पाहत नव्हती. १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती मंडळींपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला, आणि दक्षिणेतील चर्चमध्ये जात टिकून असल्याचे त्याच व्यासपीठावरून सुनावले. तारणाची हमी परलोकाची; इहलोकात पाणवठा कोणता, याविषयी पाद्री मौन पाळीत.

आणि सर्व मार्ग सारखेच, हा आपल्याकडील आवडता निर्वाळाही तपासावयास हवा. तो बहुधा आळशाचा निर्वाळा असतो. सर्वच सारखे म्हटले की कोणालाच जाब विचारावा लागत नाही. एकच मार्ग खरा असे मानणारा माणूस निदान सत्य ही गोष्ट गंभीरपणे घेतो. त्याची चूक ही, की तो आपल्या सत्याला देवाची वेस समजतो. त्याच्याशी वाद घालता येतो, घातला पाहिजे. त्याला गप्प बसविण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला. १९७८ मध्ये ओमप्रकाश त्यागी यांनी लोकसभेत धर्मांतरविरोधी विधेयक आणले, तेही जनता राजवटीत. आणीबाणीविरुद्ध लढून सत्तेवर आलेल्या पक्षाच्या बाकांवरून माणसाच्या विवेकावर पहारा बसविण्याची सूचना यावी, ही समाजवाद्यांनी विसरू नये अशी गोष्ट आहे.

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचे ऋण त्यांनी मानले, आणि तरीही ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एक घर कल्पिले आहे. त्या घरातील बाई बौद्ध ग्रंथ वाचून हवे तर बौद्ध होते, तिचा नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. येथे कोणी अनामिक नाही, कोणी कोणाचा अवतार नाही. प्रत्येकजण वाचून ठरवितो, आणि स्वयंपाक एका चुलीवर होतो. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे या घरातील आईने, बापाने आणि मुलीने प्रत्येकी साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज द्यावयाचा आहे, आणि धर्मांतरामागील त्यांचा खरा हेतू काय, याची चौकशी पोलिसांनी करावयाची आहे.