हिमगौरी कोणी रंगविली?

शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वांनी मिळून ‘हिमगौरी आणि सात बुटके’ हा वॉल्ट डिस्ने यांचा चित्रपट पाहिला, असे सांगताच एका तरुण साथींच्या कपाळाला आठ्या पडल्या. राजघराण्याचे उदात्तीकरण, भांडवलदारी करमणूक, बालमनावर विषप्रयोग! सारे आरोप त्यांनी एका दमात ऐकविले.

राजपुत्राची वाट पाहत परक्यांची भांडी घासणारी नायिका मुलींपुढे आदर्श म्हणून ठेवू नये, हे मान्यच आहे. (आमच्या घरातील धाकटीनेच विचारले, ‘हिनेच का घासायची?’) परंतु बुटक्यांच्या नाचाला खळखळून हसलेल्या आजी-नातीला गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार या साथींना कोणी दिला? आनंदासाठी पक्षाची परवानगी लागू लागली, तर लोक आनंद सोडणार नाहीत, पक्ष सोडतील.

शिवाय हा आनंद मालकाच्या तिजोरीतून आलेलाच नाही. कथा जर्मन लोकपरंपरेतील. ग्रिम बंधूंनी ती १८१२ साली छापली. चित्रपट प्रथम झळकला डिसेंबर १९३७ मध्ये. त्यासाठी पारदर्शक पत्र्यांवर शाईच्या रेषा ओढून रंग भरणाऱ्या स्त्रियांची नावे श्रेयनामावलीत नाहीत. दुष्ट राणीला पडद्यावर जिवंत केले आर्ट बॅबिट या चित्रकाराने. त्याला स्वतःला भरघोस पगार होता. तरीही अल्पवेतनी सहकाऱ्यांसाठी तो संघटनेत उतरला. मे १९४१ मध्ये त्याला कामावरून काढले गेले आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला कलावंतांनी संप पुकारला. अखेर सरकारी मध्यस्थीनंतर मालकाला संघटनेस मान्यता द्यावी लागली. पुढे १९४७ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष देताना डिस्ने यांनी त्या संपाचे खापर कम्युनिस्टांवर फोडले. आपल्याच पगारपत्रकाकडे बोट दाखविणे मालकाला कसे परवडावे?

चित्रपटावर बहिष्कार घातला, तर या कामगारांच्या कलेवरही बहिष्कार पडतो. मालकाचे नाव मात्र कायम राहते. मुलांना बॅबिटची हकीकत सांगण्याची उत्तम वेळ म्हणजे राणी आरशापुढे उभी राहते तो क्षण. तेव्हा कोणीही झोपलेले नसते.

पुढच्या शनिवारी साथींनी आमच्याकडे जरूर यावे. १९४१ सालचाच ‘डंबो’ पाहण्याचा बेत आहे. त्यात मालकाकडे पगारवाढ मागायला निघालेले झिंगलेले विदूषक आहेत. संपकऱ्यांची ती टवाळी असल्याचे अनेक जाणकार मानतात. तो प्रसंग आम्ही दोनदा पाहणार आहोत.