बुटाचा नवा अवतार आणि दुधाची वही

कुकरची रिंग मागायला जावं आणि दुकानदारानं नवा कुकरच पुढे करावा, तसं माझं झालं. जयनगरच्या फोर्थ ब्लॉकमधल्या एका दुकानात मी माझ्या जुन्या धावण्याच्या बुटांचं नाव घेतलं, तर तिथला मुलगा म्हणाला, "ते आता येत नाही, आंटी. त्याचंच नवं व्हर्जन आलंय. अजून सॉफ्ट!" आणि माझं उत्तर येण्याआधीच खोकं उघडून मोकळा झाला.

मागच्या वेळी या सदरात आपण मिक्सरच्या भांड्यांबद्दल बोललो होतो. तेव्हा मी लिहिलं होतं, की नवं मॉडेल म्हणजे चांगलं मॉडेल असं समजू नका. आता तीच पाळी माझ्यावर आली. फरक इतकाच, की मिक्सर बिघडला तर चटणी पाट्यावर वाटता येते, गुडघा बिघडला तर काय करायचं?

मी काही खेळाडू नव्हे. तीन वर्षांपूर्वी, एक्कावन्नाव्या वर्षी, रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी डोळे वटारले, तेव्हा चालायला लागले. चालता चालता धावायला लागले. घर लालबागेजवळ (मुंबईचा लालबाग नव्हे, इथली बाग) म्हणून ते जमलं. आता सूनबाईंनी बेंगळुरूच्या 10 किलोमीटरच्या मोठ्या शर्यतीत आम्हां दोघींची नावं घातली आहेत. ही शर्यत 2008 साली सुरू झाली, आणि आता तिच्यात हजारो साधीसुधी माणसं धावतात. तोवर साखरही आटोक्यात ठेवायची आणि गुडघाही, हा माझा खरा प्रश्न होता. त्यामुळे बूट हा शौकाचा मामला राहिला नव्हता.

आधी हे व्हर्जन प्रकरण समजून घेऊ. रोजच्या सरावाचा बूट शर्यतीच्या बुटासारखा हलका-नाजूक नसतो. त्यानं रोज मार खायचा, महिनोन्‌महिने टिकायचं आणि पायाला सांभाळायचं. अशा बुटांच्या काही घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. नायकेचा पेगॅसस पहिल्यांदा 1983 साली आला, 2024 साली त्याचा एकेचाळिसावा अवतार निघाला. आसिक्सचा जेल-निंबस 1999 पासून आहे, 2025 साली त्याचा सत्ताविसावा आला. म्हणजे साधारण दर वर्षी एक नवा आकडा. काही वर्षी फक्त वरचं कापड आणि रंग बदलतात. काही वर्षी मात्र मधला थर, म्हणजे पाय आणि जमीन यांच्यामधली ती गादी, पूर्णच बदलते. नाव तेच राहतं आणि बूट दुसराच होतो. खोक्यावर या दोन्ही बदलांना एकच शब्द असतो: नवीन!

ही गादी पूर्वी बहुतेक ईव्हीए नावाच्या फोमची असे. 1975 च्या सुमारास धावण्याच्या बुटांत तो आला. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याहून हलके, जास्त उसळणारे फोम आले आणि सोल उंच उंच होत गेले. इतके, की 2020 साली जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं रस्त्यावरच्या अधिकृत शर्यतींसाठी 40 मिलिमीटरची मर्यादाच घातली. आपल्यासारख्यांना तो नियम लागू नाही, म्हणून सरावाचे काही बूट त्याच्याही वर गेले आहेत.

तर दुकानात. संध्याकाळी गेले होते, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, धावतानाही सुजतो. सकाळी बरोबर बसलेला बूट सातव्या किलोमीटरला घट्ट होतो. धावताना घालते तेच मोजे पिशवीत नेले होते. त्या मुलानं मला एका यंत्रावर उभं केलं आणि पायाची कमान कशी आहे ते पडद्यावर रंगीत दाखवलं. गंमत वाटली, पण त्यावर मी काही ठरवलं नाही. कारण पुढे सांगते. मी पाहिलं ते एवढंच: सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा आहे का, चवडा दोन्ही बाजूंनी दाबला जात नाही ना, टाच मागे घसरत नाही ना. बुटाच्या जिभेवर ब्रिटिश आणि अमेरिकन आकड्यांबरोबर बहुधा सेंटिमीटरही छापलेले असतात. नवं व्हर्जन घेताना ते जुन्याशी ताडून पाहावेत, "माझा नंबर सहा" एवढ्यावर विसंबू नये. पाय पुढून रुंद असेल तर रुंद साचा वेगळा मागावा. बायकांच्या बुटात त्यावर 'डी' लिहिलेलं असतं. एक नंबर मोठा घेऊन रुंदीची सोय करू नये, टाच सैल होते.

आणि एक गैरसमज. आपण कोल्हापुरीवर वाढलेली माणसं. ती आधी चावते, मग तेल पाजलं की पायाची होते, हे आपल्याला मान्य असतं. धावण्याच्या बुटाला ही सवलत देऊ नका. जो दुकानात चावतो, तो रस्त्यावरही चावणार.

हा चावत नव्हता. उलट इतका मऊ की दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि मन विरघळलं. किंमत साडेबारा हजार, सवलत जाऊन 11,700.

घरी आल्यावर अर्थातच 'हे' म्हणाले, "बारा हजारांत आमच्या वडिलांनी..." पुढचं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मग आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. असा बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतो असं मानतात. मधला आकडा, 650 धरला, तर किलोमीटरला 18 रुपये पडतात. आणि ऑगस्ट 2025 मध्ये बेंगळुरूच्या रिक्षाचं पहिल्या दोन किलोमीटरनंतरचं भाडं ठरलं तेही किलोमीटरला 18 रुपयेच! "म्हणजे रिक्षानंच जा की," हे म्हणाले. मी म्हटलं, "मीटरनं येणारा आणून द्या, लगेच जाते."

कंपनीचं नाव मी देत नाही. पाय माझे, वजन माझं, आणि हे सदर जाहिरातीचं नव्हे. पण मी काय तपासलं ते सांगते, म्हणजे कुठल्याही नव्या आकड्याला तुम्हाला ते करता येईल.

पहिलं स्वयंपाकघरात. पिठाच्या वजनकाट्यावर जुना बूट 251 ग्रॅम, नवा 268. जुन्यात टाच चवड्यापेक्षा 10 मिलिमीटर उंच होती, नव्यात 8. कंपनीच्या पत्रकात हे आकडे असतात. दोन मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटेल. पण टाच खाली आली की पोटरीला आणि टाचेमागच्या शिरेला जास्त ताणावं लागतं. पहिला आठवडाभर माझ्या पोटऱ्या जिना उतरताना बोलत होत्या. जुन्यात असं कधी झालं नव्हतं. म्हणून नवा बूट आला की पहिल्या दिवशी लांब पल्ला धरू नये, थोडा थोडा घालावा.

मग रस्ता. बेंगळुरूचा रस्ता ही वेगळीच परीक्षा आहे. इथले कितीतरी फूटपाथ म्हणजे पावसाच्या गटारावर ठेवलेल्या दगडी फरशा. एक घट्ट, एक हलती, तिसरी नाहीच. मग झाडाच्या मुळानं उचकटलेला तुकडा, मग कोणाच्या तरी गेटचा उतार. घट्ट फरशीवर नवा बूट सुरेख. टाचेखाली बसणारा ठोका निम्मा झाल्यासारखा वाटला. पण हलत्या फरशीवर आणि उतारावर तोच मऊपणा पायाखालून सरकतो. गादीवर उभं राहून पंख्याची पाती पुसताना घोटा कसा डगमगतो, तसं. वळणावर दोनदा पाय मुरगळता मुरगळता वाचला. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळलेला आहे, त्यांनी उंच आणि मऊ सोल घेताना दुकानातच एका पायावर अर्धा मिनिट उभं राहून पाहावं.

लालबागेत मात्र त्याचं राज्य. हैदर अलीनं 1760 साली वसवायला घेतलेली ही बाग आता 240 एकरांची आहे, आणि मधला तो उघडा खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा. (त्याचं नवं व्हर्जन अजून आलेलं नाही.) सकाळच्या गारव्यात, सपाट वाटेवर या बुटानं मला हवेवर चालल्यासारखं नेलं. पाऊस पडून गेल्यावर खडकाच्या कडेला जपून चालून पाहिलं, सोलाचं रबर बऱ्यापैकी धरतं. वाळायला मात्र वेळ लागतो. जुना बूट आत वर्तमानपत्र कोंबून ठेवला की दुसऱ्या सकाळी तयार असे, हा जाड कापडाचा, त्याला दीड दिवस लागला. इथल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात ही लहान गोष्ट नव्हे.

आणि मग चौथ्या आठवड्याच्या शेवटी गुडघा दुखला. उजवा, वाटीच्या खाली. जिना उतरताना कळ.

माझा राग सरळ बुटावर गेला. नवा आकडा, नवी गादी, कशाला हात घातला जुन्याला! सूनबाई म्हणाल्या, "आई, बदलून घेऊ या." खोकं शोधलं, पावती शोधली. पावती सापडली दुधाच्या वहीत. या वहीत एका बाजूला दुधाची अर्धा-एक लिटरची नोंद आणि दुसऱ्या बाजूला माझे किलोमीटर असतात. सहज बेरीज केली. पहिला आठवडा 20, दुसरा 22, तिसरा 24, चौथा 31.

एकतीस? मी एवढं कधी धावले? आठवून पाहिलं तर दोन दिवस मी घराकडे वळायच्या ऐवजी बागेची आणखी एक फेरी मारली होती. का? तर बरं वाटत होतं म्हणून. पायाला ठोका जाणवत नव्हता, म्हणून शरीराला किती झालं ते कळलं नाही. बुटानं गुडघा दुखवला नव्हता. बुटानं मला खूश केलं होतं, आणि दुखवलं मी.

फिजिओथेरपिस्ट बाईंनीही वही पाहून तेच सांगितलं. एक आठवडा 12 किलोमीटरवर आणा, जिन्याच्या पायरीवर मांडीचे व्यायाम करा, सूज आली किंवा रात्री दुखलं तर लगेच दाखवा. सूज आली नाही. पुढच्या आठवड्यात 20 केले, तेही याच बुटांनी, आणि कळ गेली.

संशोधन काय सांगतं तेही पाहिलं. लक्झेंबर्गच्या संशोधकांनी 848 हौशी धावणाऱ्यांना दिसायला सारखेच, पण काहींना कडक तर काहींना मऊ सोलाचे बूट दिले. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात कडक बुटांच्या गटात दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. म्हणजे मऊपणा ही निव्वळ जाहिरात नव्हे. पण 2022 साली कॉक्रेन या संस्थेनं 12 चाचण्या, 11 हजारांहून अधिक माणसं, असा एकत्र आढावा घेतला, तेव्हा बुटांच्या प्रकारानं दुखापती टळतात याचा पुरावा कच्चाच ठरला. पायाची कमान पाहून बूट नेमून दिल्यानंही बहुधा काही फरक पडत नाही, असं त्यात आढळलं. दुकानातल्या त्या रंगीत यंत्रावर मी का ठरवलं नाही, त्याचं कारण हे.

मग घ्यावा का नवा आकडा? माझं मत असं. जुनं व्हर्जन तुमच्या मापात मिळत असेल आणि त्यात तुमचे पाय सुखी असतील, तर तेच घ्या. नवा आकडा आला की जुन्याची किंमत उतरते. मी दोन रविवार मारतहळ्ळीच्या कंपनी-दुकानांत पालथे घातले आणि माझा जुना बूट मिळवला, 7,800 रुपयांना, म्हणजे किलोमीटरला 12 रुपये. रंग तेवढा पोपटी आहे. हे म्हणाले, "हरवलीस तर सापडशील."

नवा मी परत केला नाही. तो लालबागेच्या सपाट, सावकाश दिवसांसाठी. फूटपाथ आणि वळणांच्या दिवशी पोपटी. दोन जोड आलटून पालटून वापरण्यात तथ्य असावं. लक्झेंबर्गच्याच 2015 सालच्या एका पाहणीत, 264 धावणाऱ्यांत, एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका सुमारे 39 टक्के कमी दिसला. एकच जोड परवडत असेल आणि रस्ते आमच्यासारखे असतील, तर फार उंच आणि फार मऊ नको, मधला घ्या. वजन जास्त असेल, रोजची वाट सपाट असेल, तर जरा जास्त गादी चालेल. आणि किलोमीटर लिहून ठेवा, दुधाच्या वहीत का होईना.

दहा आठवडे झाले. काल दूधवाल्याचे पैसे चुकते केले आणि पान उलटून बेरीज केली: 212. या आठवड्याचे 21. गुडघा गप्प आहे. सूनबाईंच्या फोनवर मात्र सकाळीच जाहिरात आली होती, त्याच बुटाच्या पुढच्या आकड्याची.