स्नेक प्लांटची खोटी स्तुती

परवा पारनेरला धाकट्या दिरांकडे गेले होते. निजायच्या खोलीत स्नेक प्लांटच्या सहा कुंड्या आणि खिडकी घट्ट बंद! भाऊजींना दमा आहे. म्हणाले, "वहिनी, हे झाड रात्रभर ऑक्सिजन सोडतं. नासानेच सांगितलंय." रोजचा पंपही हल्ली आठवेल तेव्हाच घेतात म्हणे. मला काळजीच लागली.

मी बी.ए. मराठीवाली, पण घरी येऊन वाचून काढलं. नासाचा अभ्यास १९८९ चा, बंद पेटीत झाडं ठेवून केलेला. तोही बेंझीनसारख्या वायूंवर, ऑक्सिजनवर नव्हेच. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा प्रयोगांचा हिशेब मांडला. घरात वारा येऊन-जाऊन हे वायू जेवढे कमी होतात, तेवढे झाडांनी करायचे तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं हवीत! आणि रात्रीचं म्हणाल, तर पाणी उडू नये म्हणून हे झाड पानांची छिद्रं रात्री उघडतं आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतं. ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो.

हे झाड मला मनापासून आवडतं. लोक त्याला सासूची जीभही म्हणतात (मीही सासूच, माझी हरकत नाही). याच्या भारतीय भावंडाच्या वाखाच्या पूर्वी धनुष्याच्या दोऱ्या करीत. आमचा नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या बाईला कुंडीत ओतलेला तांब्याही मोजावासा वाटतो. मागे लेकीकडे दीड महिना राहिले, तर तुळस वाळून गेली आणि हे तसंच ताठ उभं. माझं एक झाड मेलं ते लाडाने. रोज पाणी घातलं, मुळं कुजली. पिवळ्या काठाच्या पानाचा तुकडा शेजारणीला दिला, त्याला नुसतं हिरवं रोप आलं. ती अजून म्हणते, बाईंनी फसवलं. काठ हवा तर गड्ड्यासकट फुटवा द्यावा लागतो, हे मला नंतर कळलं.

एवढे गुण असताना खोटे कशाला चिकटवायचे? त्यापायी कुणी औषध टाळलं तर?

काल फोन केला. "भाऊजी, कुंड्या राहू द्या. खिडकी उघडा आणि पंप डॉक्टरांनी सांगितलाय तसा घ्या." ते हसले, "वहिनी, तुम्ही अजून शाळेतच आहात."

असो. खिडकी उघडली की नाही, ते जाऊबाई कळवणार आहेत.