अम्मीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता

गेल्या वर्षी अम्मी मोरीत घसरली. पडणे तसे साधेच, पण मनगट मोडले. दोनच महिन्यांपूर्वी आम्ही तिचे रक्त तपासले होते. कॅल्शियमपुढे ‘नॉर्मल’ लिहिले होते आणि आम्ही भावंडे त्या एका शब्दावर निश्चिंत झालो होतो.

तो आकडा खोटा नव्हता, आम्ही त्याचा अर्थ चुकीचा लावला. हृदय आणि स्नायू रक्तातल्या कॅल्शियमवर चालतात, म्हणून शरीर ते कमी पडू देत नाही. कमी पडलेच, तर पॅराथायरॉइड संप्रेरक ते हाडांतून काढून रक्तात आणते. रक्ताचा हिशेब जुळतो, हाडांची तिजोरी मात्र रिकामी होत जाते. पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि ही झीज वाढते. हाड मोडेपर्यंत बहुधा काही दुखतही नाही.

हाडांची घनता डेक्सा तपासणीत कळते. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ती अस्थिसुषिरता, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. रक्तातले ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड संप्रेरक झिजेची कारणे शोधायला मदत करतात. सीटीएक्समधून हाड झिजण्याचा वेग कळतो, पी1एनपीमधून नवे हाड बनण्याचा. या दोन तपासण्यांवरून आजाराचे निदान होत नाही, पण औषध लागू पडते आहे का ते समजते. सीटीएक्ससाठी रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावे.

ड जीवनसत्त्वाचा विषय निघाला की काहीजण बुरख्याकडे बोट दाखवून मोकळे होतात. अंग झाकलेले असले की ऊन कमी मिळते, हे खरेच. पण ही कमतरता भारतात सर्व समाजांत आढळते. खरा प्रश्न असा की, दिवसभर स्वयंपाकघरात राबणाऱ्या अम्मीला गच्चीवर निवांत उन्हात बसायला आपण किती वेळ देतो? सगळ्यांना वाढून झाल्यावर दूध, दही, मासळी तिच्या ताटात किती उरते?

मित्रमैत्रिणींनो, आज घरी विचारा: अम्मी, कधी पडली होतीस का? उंची कमी झाल्यासारखी वाटते का? नानीचे खुब्याचे हाड मोडले होते का? उत्तर ‘हो’ असेल तर तिला डॉक्टरांकडे न्या. गोळ्या मनाने सुरू करू नका. आणि मोरीत आजच एक दांडी बसवून घ्या. आम्ही ती अम्मी पडल्यानंतर बसवली.