विपणनाकडे वळणारा पदवीधर

मुलगा शिक्षक झाला हे सांगताना ज्या बापाचा आवाज चढतो, तोच बाप मुलगा कंपनीत 'मार्केटिंगला' लागला हे सांगताना वाक्याच्या शेवटी 'सध्यापुरता' हा शब्द हळूच जोडतो. नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत हा 'सध्यापुरता' आता वरचेवर कानी पडू लागला आहे. डी.एड., बी.एड. झालेले, एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणारे, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत पाच-सहा वर्षे काढलेले तरुण-तरुणी विक्री व विपणन या क्षेत्राकडे वळत आहेत. त्यांच्या या वळण्याकडे घरचे, शेजारचे आणि त्यांचे जुने शिक्षकही एक प्रकारची घसरण म्हणून पाहतात. ती खरोखरच घसरण आहे काय, याचा विचार भावनेच्या आहारी न जाता करावयास हवा.

प्रथम ही माणसे येतात कोठून ते पाहू. २०११ साली नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांच्या पटाची पडताळणी केली आणि कागदावरचे विद्यार्थी उघडकीस आले. त्याच वर्षी ती मोहीम राज्यभर राबविली गेली. पुढे २०१२ पासून शिक्षकभरती थांबली. पट खोटा होता, तेव्हा पडताळणी योग्यच होती, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण त्या काळात गावोगाव निघालेल्या अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडलेल्या तरुणांना मात्र दुसऱ्याच्या लबाडीचा दंड भरावा लागला. पवित्र पोर्टलच्या पद्धतीत शिक्षक अभियोग्यता चाचणी प्रथम २०१७ साली झाली, दुसरी २०२३ साली आणि तिसरी २०२५ साली. आठ वर्षांत तीन परीक्षा! पहिल्या चाचणीच्या वेळी चोविशीत असलेली व्यक्ती तिसरीच्या वेळी बत्तीस वर्षांची झाली. अर्थशास्त्रात 'प्रतीक्षेची किंमत' म्हणून जी कल्पना आहे, ती समजावून देण्यास मराठवाड्यातील अध्यापकाला आता पाठ्यपुस्तकातील उदाहरणाची गरज उरलेली नाही.

अशा व्यक्तीने वाट बदलली, तर तो समंजसपणाच म्हटला पाहिजे. मात्र ती ज्या वाटेवर निघाली आहे, ती वाट कोणती हे तिला आणि तिच्या घरच्यांना नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे. आपल्याकडे 'मार्केटिंग' या एका शब्दाच्या पोटात दारोदार फिरण्यापासून जाहिरातीच्या फलकापर्यंत सारे काही कोंबले जाते. वस्तूचे विपणन हे त्यातील एक वेगळे काम होय. वस्तू कोणासाठी आहे, त्या माणसाची अडचण कोणती, तो आज त्या अडचणीवर कशाने भागवितो, आपली वस्तू त्याहून सरस कोठे व कमी कोठे, तिला नाव काय द्यावे, पाकीट किती वजनाचे असावे, भाव किती ठेवावा, आणि गिऱ्हाइकाची तक्रार कारखान्यापर्यंत कोणत्या शब्दांत पोचवावी, हे ठरविणारा तो माणूस. विक्रेता तयार वस्तू घेऊन निघतो. हा त्याच्या आधीपासून कामाला लागलेला असतो.

या कामाला स्वतंत्र धंद्याचे रूप आले ते १९३१ साली, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या कंपनीत नील मॅकेलरॉय या तरुण अधिकाऱ्याने एक टिपण लिहिले आणि प्रत्येक मालामागे त्याची सर्वस्वी जबाबदारी घेणारा एकेक माणूस असावा, अशी मागणी केली. (हे गृहस्थ पुढे १९५७ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.) परंतु महाराष्ट्राला या कामाचा परिचय त्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो करून देणारा एक शिक्षक होता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. आपल्या वाट्याची बढती दुसऱ्याला गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावी भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले. सायकल विकावयाची तर ती चालविता आली पाहिजे, म्हणून गिऱ्हाइकाला चालविण्यास शिकविण्याचे कामही त्या दुकानात होई. पुढे लोखंडी नांगर तयार झाला, पण तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे नांगर सुमारे दोन वर्षे पडून राहिले. नांगरात दोष नव्हता. दोष असलाच तर तो नांगर आणि शेतकऱ्याचे मन यांमधल्या अंतरात होता. ते अंतर प्रत्यक्ष शेतावर नांगर चालवून, समजावून, पुनःपुन्हा दाखवूनच तोडावे लागले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यानंतर १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे पत्रक काढले. शंकररावांचे शिक्षण चित्रकलेचे. नांगर व यंत्रे यांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचविण्यासाठी निघालेल्या या पत्रकातून 'किर्लोस्कर' मासिक घडले, आणि पुढे १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही मासिके निघाली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावणाऱ्या नियतकालिकांचा उगम नांगराच्या खपात आहे, ही गोष्ट मार्केटिंगला हलके समजणाऱ्या साहित्यप्रेमी घराने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

चित्रकलेचा विद्यार्थी आणि तंत्रशाळेतील शिक्षक या कामात यशस्वी झाले, हा निव्वळ योगायोग नव्हे. अपरिचित गोष्ट परिचित शब्दांत सांगणे, समोरच्याला कोठे समजले नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणे, तेच तिसऱ्यांदा न चिडता सांगणे ही शिक्षकाची हत्यारे होत आणि येथे तीच लागतात. कारकुनाच्या अंगची टिपून ठेवण्याची शिस्तही येथे वाया जात नाही, कारण कोणत्या गावी कोणते पाकीट परत आले याची नोंद ज्याच्यापाशी नाही, तो पुढचा माल अंदाजाने पाठवितो आणि अंदाजाने बुडतो. तथापि शिक्षकाला एक गोष्ट मात्र नव्याने शिकावी लागते. वर्गातील विद्यार्थी कंटाळला तरी बाकावरच बसून असतो. गिऱ्हाईक उठून जाते. शिवाय तिशी उलटल्यावर या क्षेत्रात आलेल्याला पंचविशीतल्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करावे लागते, खर्चाचा व नफ्याचा हिशोब मांडावा लागतो, आणि हिंदी-इंग्रजीचा संकोच सोडावा लागतो. हे सोपे आहे असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता मराठवाड्याच्या मालाकडे वळू. लातूर ही तूर व सोयाबीन यांची मोठी बाजारपेठ. नांदेड, हिंगोली, वसमत हा हळदीचा पट्टा. येथील डाळगिरण्यांतून निघणारी 'फटका' तूरडाळ परप्रांतांतील व्यापाऱ्यांना नावानिशी माहीत आहे. व्यापाऱ्याला माहीत आहे, पण गृहिणीला नाही. डाळ गोणीत भरून जाते आणि तिकडे दुसऱ्याच्या नावाच्या पाकिटात शिरते. पिकविणाऱ्याच्या आणि दळणाऱ्याच्या श्रमाला तोलावर भाव मिळतो. नावाचा भाव मिळतो तो पाकीटवाल्याला.

यावर 'आपणही पाकीट करावे' असे चटकन सुचविले जाते. येथे थोडा विवेक हवा. विपणनाने सर्व काही साधते, हा भ्रम आहे. सोयाबीनचेच पाहा. २०२४-२५ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याला पुष्कळदा त्याहून कमी मिळत होते. सोयाबीनच्या दाण्यात तेल सुमारे १८ टक्के, बाकीची मुख्यतः पेंड. त्यांचे भाव ठरतात ते ब्राझील-अमेरिकेतील पीक, पेंडीची निर्यात आणि खाद्यतेलावरील आयातशुल्क यांवरून. औशाचा दाणा आणि अहमदपूरचा दाणा यांत गिरणीवाला भेद करीत नाही. जेथे वस्तूत भेद नाही, तेथे विपणन करणारा काय सांगणार? त्याने सांगितलेच, तर ती निव्वळ बडबड ठरेल. ते दुखणे शासनाच्या धोरणाचे आहे आणि त्याचा जाब धोरण ठरविणाऱ्यांनाच विचारला पाहिजे. मार्केटिंगचा एखादा अभ्यासक्रम काढून त्यातून सुटका होणार नाही.

भेद आहे तेथे मात्र निराळे. निलंगा तालुक्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि लातूर जिल्ह्यातीलच कास्ती कोथिंबीर यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वृत्तपत्रांत बातम्या आल्या, सत्कार झाले. पण मानांकन म्हणजे नावावरचा हक्क. ते नाव गिऱ्हाइकाच्या तोंडी रुळणे ही पुढची आणि अधिक कष्टाची गोष्ट आहे. पुण्याच्या दुकानात बोरसुरीची डाळ मागणारे गिऱ्हाईक आपोआप उभे राहणार नाही. ही डाळ लवकर शिजते की चवीला निराळी आहे, वरणाला चांगली की आमटीला, दहा रुपये जास्त का मोजावेत, याचे प्रामाणिक उत्तर कोणीतरी शोधून, तपासून, दोन ओळींत लिहून पाकिटावर छापावे लागेल. ते लिहिणारा माणूस बोरसुरीत किंवा निलंग्यात कोणी नेमला आहे काय?

याहून बोलके उदाहरण या दोन जिल्ह्यांनी मिळून उभे केले आहे. राष्ट्रध्वजासाठी लागणारे खादीचे कापड उदगीरला विणले जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज तयार होतात. वर्षानुवर्षे या वस्तूला बाजारात उभे राहून स्वतःविषयी काही सांगण्याचा प्रसंग आला नव्हता. ध्वज खादीचा असावा असा दंडकच होता. गिऱ्हाईक म्हणजे प्रामुख्याने कार्यालये व संस्था. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर तयार झालेल्या, पॉलिएस्टरच्या ध्वजासही मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी 'घरोघरी तिरंगा' मोहीम आली. ध्वजाची मागणी कधी नव्हे इतकी वाढली आणि त्याच घटकेला खादीचे संरक्षण गेले. दुरुस्ती योग्य की अयोग्य, हा वाद बाजूस ठेवू. एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकाने स्वस्त ध्वज सोडून खादीचाच का घ्यावा, हा प्रश्न त्या दिवसापासून उघड्यावर आला. त्याचे उत्तर आहे, आणि ते जोरदार आहे: हाताने कातलेले सूत, हातमागावरचे कापड, स्वातंत्र्यलढ्याचा वारसा आणि आपल्याच विभागातील कामगारांची रोजी. पण ते उत्तर देशातील लक्षावधी शाळांपर्यंत नेण्याचे काम विणकराचे नव्हे आणि शिंप्याचेही नव्हे. ते ज्याचे, तो माणूस अशा संस्थांच्या पगारपत्रकावर सहसा नसतो.

खरी अडचण येथे आहे. वाट बदलू पाहणाऱ्या मराठवाड्यातील पदवीधराला हे काम शिकण्यासाठी पुणे, हैदराबाद किंवा बंगळूर गाठावे लागते. तेथील संगणक-कंपन्यांत अशी पदे आहेत. शाळांसाठी संगणकीय साधने बनविणाऱ्या कंपनीला वर्गात उभा राहिलेला माणूस उपयोगी पडतो, हेही खरे. जो जाऊ शकतो त्याने जरूर जावे. पण ज्याला जाणे शक्य नाही, घरी म्हातारे आईबाप आणि चार एकर कोरडवाहू आहे, त्याच्या पुढ्यात 'मार्केटिंग' या नावाखाली जे येते ते पुष्कळदा फसवे असते. पगार ठराविक नाही, सुरुवातीला अनामत भरावयाची, आणि पहिली दहा गिऱ्हाइके म्हणजे आपलेच मामा, मावशी व जुने वर्गमित्र. व्यवसायाची जोखीम मालकाने घ्यावयाची असते. येथे ती नोकराच्या गळ्यात टाकलेली असते. नातेवाईक संपले की नोकरीही संपते. जेथे वस्तूविषयी एक अक्षर शिकविले जात नाही आणि केवळ माणसे जोडण्यास सांगितले जाते, तेथे विपणन नाही, असे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगणे हे वाणिज्य विभागांचे कर्तव्य आहे. पण बी.कॉम.चा विद्यार्थी विपणनाच्या व्याख्या टिपणवहीतून पाठ करून उत्तीर्ण होतो आणि तीन वर्षांत एकदाही मोंढ्यात पाठविला जात नाही.

दुसरे कर्तव्य पैसा बाळगणाऱ्यांचे. केंद्र शासनाने २०२० साली दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना आणली. तीत प्रत्येक कंपनीला व्यवस्थापनखर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले आहे. यातून व्यवस्थापक नेमला जातो, हिशोबनीस नेमला जातो. गोदाम व यंत्रसामग्रीसाठी वेगळ्या योजना आहेत. चाळणीयंत्र बसले की फीत कापली जाते, छायाचित्र निघते. माल कोणी घ्यावा आणि का घ्यावा याचा दिवसभर विचार करणाऱ्या माणसाचे छायाचित्र निघत नाही, म्हणून त्याचे वेतन हा वायफळ खर्च समजला जातो. डाळगिरणीच्या मालकाचीही दृष्टी याहून फारशी निराळी नाही. रंग-चाळणीचे महागडे यंत्र तो कर्ज काढून आणील, पण ज्याने हे काम करावे त्या पदवीधराला पूर्ण पगार देताना त्याचा हात आखडतो.

भौगोलिक मानांकनाची नोंदणी दहा वर्षांची असते. त्यानंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. बोरसुरीच्या डाळीची त्यांतील काही वर्षे सरली आहेत. निलंग्यापासून लातूरपर्यंतच्या रस्त्यावर याच काळात किती डी.एड.धारक चौथ्या अभियोग्यता चाचणीच्या तारखेची वाट पाहत बसले आहेत, हे त्या रस्त्यावरच्या कोणत्याही गावात विचारून पाहता येईल.